घरी फुटबॉलचा सामना पाहायला बोलावताय? या चुका टाळा

सामना पाहायला चार माणसे घरी बोलावण्याची आपली सवय क्रिकेटवर पोसलेली आहे आणि घरच्या फुटबॉल-बैठकीतल्या बहुतेक चुका त्या सवयीतूनच येतात. क्रिकेटमध्ये षटक संपते, गडी बाद होतो, जाहिराती लागतात आणि तेवढ्या अवकाशात चहाही होतो. फुटबॉलमध्ये मात्र ४५ मिनिटे घड्याळ थांबत नाही. १८ डिसेंबर २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ७९व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. आता काही उरले नाही असे समजून त्या वेळी जो स्वयंपाकघरात गेला, त्याने फ्रान्सच्या एम्बापेचे दोन मिनिटांच्या आत झालेले दोन्ही गोल गमावले.

पहिली चूक निमंत्रणातच होते. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात, त्यामुळे 'रविवारी रात्री साडेबारा' असे लिहिले की निम्मे पाहुणे शनिवारी रात्री येण्याची तयारी करतात. २०२४ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना बर्लिनमध्ये रविवारी, १४ जुलैला सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे १५ तारीख लागून अर्धा तास झाला होता. म्हणून 'रविवारचे जेवण उरकून या, सामना मध्यरात्रीनंतर साडेबाराला' असे स्पष्ट कळवावे. सामना संपण्याची वेळ मात्र कोणालाही देऊ नये. त्याच पहाटे अमेरिकेतील मायामीत कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना साडेपाचला सुरू व्हायचा होता. प्रवेशद्वारांवरील गोंधळामुळे तो ८० मिनिटांहून अधिक लांबला, पुढे जादा वेळेतही गेला आणि अर्जेंटिनाने तो जिंकला तेव्हा आपल्याकडे सोमवारचे नऊ वाजून गेले होते. सोमवारी सकाळी ज्यांना कामावर जायचे असते, त्यांच्यासाठी हे आधीच सांगितलेले बरे.

सर्वांत जास्त रसभंग करणारी, आणि तरीही फारशी कोणाच्या लक्षात न येणारी चूक म्हणजे प्रक्षेपणातील उशिराकडे केलेले दुर्लक्ष. ॲपवरून इंटरनेटद्वारे येणारे चित्र डीटीएचवरील चित्रापेक्षा अनेकदा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असते. परिणामी आपल्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेजवळ असताना शेजारच्या घरातून 'गोल!' अशी आरोळी येते. डीटीएच घ्यावे, तर जून-जुलैच्या मुसळधार पावसात उपग्रहाकडून येणारा संदेश क्षीण होऊन पडदा नेमका मोक्याच्या क्षणी काळा पडतो. माझे मत असे की पावसाळ्यात दोन्हींची सोय तयार ठेवावी, परंतु घरात एका वेळी एकच चालू ठेवावी. दिवाणखान्यात डीटीएच आणि आतल्या खोलीत मुलांसाठी ॲप, अशी विभागणी केली की आतल्या खोलीतल्यांना प्रत्येक गोल आधीच ऐकू येतो. ॲपवर पाहताना मध्येच चित्र थांबवले असेल, तर पुन्हा सुरू करताना 'लाइव्ह' या खुणेवर जाण्यास विसरू नये, अन्यथा तेवढाच उशीर शेवटपर्यंत सोबत राहतो. गोलची सूचना देणारी ॲप्स आणि व्हॉट्सॲपचे गट यांचे आवाज सर्वांनी बंद करावेत. टीव्हीला वायफायऐवजी लॅनची तार जोडली तर चित्र अडखळण्याचे प्रमाण कमी होते आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे की नाही, हे आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून पाहावे. वीज गेल्यावर टीव्ही चालू आणि राउटर बंद, ही अवस्था फार विचित्र असते. चेंडूमागे धूसर शेपूट दिसत असेल, तर टीव्हीतील 'मोशन स्मूदिंग' (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करावे.

खाण्याच्या बाबतीत चूक पदार्थाची नसून वेळेची असते. मध्यंतर १५ मिनिटांचे. त्यात दहा-बारा जणांसाठी वडे तळायला घेतले, तर यजमान उत्तरार्धाची पहिली दहा मिनिटे कढईसमोरच काढतो. मिसळीचा कट आधीच करून मंद आचेवर ठेवता येतो, परंतु फरसाण वरून घालून वाट्या भरून ठेवल्या की त्याचा लगदा होतो. सामना चालू असताना पडद्यावरून नजर न हटवता खाता येईल असेच काही हवे आणि त्या कसोटीवर आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या भडंगाला तोड नाही. कांदा-कोथिंबीर तेवढी आयत्या वेळी कालवावी. पाण्याचा जार आणि पेले बैठकीतच ठेवावेत, कारण पडद्यासमोरून ये-जा करणाऱ्यावर ओरडण्यातच अर्धा सामना जातो.

राहिला प्रश्न आवाजाचा. ज्या कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांसमोर उभे ठाकतात, तिथे दोन बाजूंचे समर्थक एकाच सोफ्यावर न बसवण्याचे शहाणपण वेगळे शिकवावे लागत नाही. इतर शहरांतल्या यजमानांनी ते जरूर उसने घ्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ आहे आणि निवासी भागासाठी त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे साधारण शांत संभाषणाइतकी. त्यामुळे ब्लूटूथचा मोठा स्पीकर टाळावा. त्याचा आवाज काही वेळा चित्राच्या मागेही पडतो. वरच्या-खालच्या मजल्यांवर आदल्या दिवशी कल्पना द्यावी आणि जादा वेळ संपून पेनल्टी शूटआउटची चिन्हे दिसू लागली की नाणेफेकीआधीच खिडक्या लावून घ्याव्यात.