मुंबई टांकसाळीचं नाणं : खूण कुठे शोधायची, काय तपासायचं

जुन्या डब्यात राजाछाप रुपये किंवा एखादी गिनी निघाली की घरातले लगेच विचारतात, किती येतील? खरं तर आधी बघायचं ते हे, की नाणं पाडलं कुठे. एकाच सालाचं, एकाच राजाचं नाणं मुंबई आणि कलकत्ता अशा दोन ठिकाणी पडलेलं असतं. एका टांकसाळीतून त्या साली लाखो निघाले, दुसरीतून मोजकेच, तर धातू आणि वजन सारखं असूनही भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोर्टातली मुंबईची टांकसाळ 1829 पासूनची. हिंदुस्थानचा रुपया, चीनच्या व्यापारासाठीचा डॉलर आणि इंग्लंडची गिनी ही तिन्ही नाणी या एकाच आवारात पडली, म्हणून संग्राहकांची तिच्यावर खास नजर असते.

हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत (0.01) वजन दाखवणारा काटा हवा. उजेड डोक्यावरून नको. टेबललँप नाण्याच्या बाजूला, जवळजवळ आडवा धरा. तिरप्या उजेडात बारीक उठावाची सावली पडते आणि खूण दिसते.

गिनी, म्हणजे इंग्लंडचं सोन्याचं सॉव्हरिन नाणं. पहिल्या महायुद्धात लंडनहून सोनं आणणं जोखमीचं झालं, म्हणून मुंबई टांकसाळीतच रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची शाखा उघडली गेली. 1918 सालाच्या गिन्या तिथे पडल्या, साधारण तेरा लाख, आणि पुढच्या वर्षी शाखा बंद झाली. सॉव्हरिनच्या इतिहासात मुंबईच्या वाट्याला हे एकच साल आहे. जगभरचे लोक टांकसाळीनुसार सॉव्हरिन जमवतात आणि मुंबईच्या या नाण्यावाचून त्यांचा संच पुरा होत नाही. मागच्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज असतो. घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीत, सालाच्या मधोमध वर, रोमन लिपीतला बारीक ‘आय’ शोधा. वजन 7.98 ग्रॅम, व्यास 22 मिलिमीटर. मात्र 2013 नंतरच्या काही सॉव्हरिनवरही हाच ‘आय’ आहे. त्या हरियाणातल्या कारखान्यात पडलेल्या, त्यांचा मुंबईशी संबंध नाही. म्हणून अक्षराबरोबर साल वाचायलाच हवं.

व्यापारी डॉलर. 1895 ते 1935. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेतलेली उभी ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलय अक्षरं. वजन 26.96 ग्रॅम, चांदी 90 टक्के. मुंबईचा ‘बी’ त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर असतो आणि तो इतका नाजूक आहे की वापरलेल्या नाण्यावर पुसून जातो. मग विकणारा ‘हा लंडनचा’ म्हणतो. लंडनने हे डॉलर फक्त 1925 आणि 1930 या दोन साली पाडले. इतर कुठल्याही सालाच्या डॉलरवर ‘बी’ दिसत नसेल, तर ब्रिटानियाच्या पायापाशी कलकत्त्याचा ‘सी’ आहे का बघा. तोही नसेल तर खूण झिजली आहे किंवा नाणं बनावट आहे. चिनी सराफांनी मारलेले छोटे शिक्के असले तर भाव उतरतो, पण ते नाणं पूर्वेच्या बाजारात फिरल्याची साक्ष आहेत. ते घासून काढू नका. 1921 आणि 1935 ही सालं दुर्मीळ, आणि नकलाही त्यांच्याच जास्त येतात.

चांदीचा रुपया. 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, अगदी एक तोळा. चांदी 91.7 टक्के. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली उठावाचा ठिपका. कलकत्त्याच्या रुपयावर खूणच नसते. इथेच फसवणूक होते, कारण नसलेला ठिपका चिकटवणं सोपं आहे. खरा ठिपका नाण्याच्या अंगातून वर आलेला असतो, त्याच्या पायाशी फट किंवा वेगळ्या रंगाचं कडं दिसत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक 1939 च्या रुपयात होते. तो फक्त मुंबईत पडला. 1940 मध्ये रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आली, जुने रुपये परत घेऊन वितळवले गेले आणि 1939 चे फार थोडे उरले. म्हणून 1938 च्या आठाचा नऊ करतात. भिंगाखाली नऊच्या भोवतालची जमीन बघा. आकडा कोरताना तिथे बारीक ओरखडे पडतात, खोलगटपणा येतो. तीन आणि नऊ यांच्या रेषांची जाडी जुळते का तेही पाहा. ओतीव नकलेच्या कडेवर जोड दिसतो आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं.

धातूची शंका असेल तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा दाखवेल तितके मिलिलिटर नाण्याचं आकारमान. खऱ्या रुपयाला 1.13 च्या आसपास येतं, पितळी नकलेला 1.37. गिनीला 0.46. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही आकडा बिघडवतो, म्हणून तीनदा मोजा.

स्वातंत्र्यानंतर. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही तर कलकत्ता. मधोमध उभी चिरलेली चौकट मात्र हैदराबादची. 1985 च्या एक रुपयावर सालाच्या पहिल्या आकड्याखाली चौकट दिसली तर ते नाणं ब्रिटनमध्ये पडलेलं आहे. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारख्या चकचकीत पाडलेल्या नाण्यांवर मुंबईचा आधी ‘बी’, 1996 पासून ‘एम’.

जुन्या सालाचं नाणं आरशासारखं चकचकीत असेल तर लगेच हुरळू नका. टांकसाळीने जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नंतर पुन्हा पाडलेली प्रूफ नाणी 1970 पर्यंत निघत होती. ती अस्सल टांकसाळीचीच, पण मूळ सालची नव्हेत आणि भावही वेगळा.

चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नका. चांदीवरचा करडा-जांभळा थर गेला की भाव गेलाच. तेलकटपणा असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये पाच मिनिटं ठेवा आणि न पुसता वाळवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात हळूहळू हिरवा चिकट थर धरतो, त्यापेक्षा मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टर प्लास्टिकचं) पाकीट घ्या आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. परदेशी राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं : शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ते खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. 1918 ची गिनीही त्यात आली.