दीर्घकाळ निवडून आलेल्या आमदाराचे चरित्र कसे लिहावे

कोल्हापूर जिल्ह्यात चार-पाच वेळा विधानसभेत गेलेल्या नेत्यांची उणीव नाही आणि त्यांच्यावरील गौरवग्रंथांचीही नाही. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने निघालेल्या या ग्रंथांत सत्काराची छायाचित्रे असतात, मंत्र्यांचे शुभसंदेश असतात, ‘लोकनेते’ हा शब्द पानोपानी असतो. पण एखाद्या निवडणुकीत पडल्यानंतरची पाच वर्षे त्या माणसाने कशी काढली, याविषयी बहुधा एक ओळही नसते. आमच्या तालुक्यातील एका दिवंगत माजी आमदारांचे चरित्र लिहिताना मला तीन वर्षे लागली आणि त्या काळात माझे एक मत पक्के झाले, ते असे की, दीर्घ राजकीय आयुष्याचा अर्थ विजयांच्या यादीपेक्षा मधल्या रिकाम्या जागांतून अधिक कळतो. पुढे सांगितलेली कामाची पद्धत त्याच अनुभवातून आलेली आहे.

पहिले काम म्हणजे एका मोठ्या कागदावर कालपट आखणे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली आणि त्यानंतर १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा निवडणुका झाल्या. ही वर्षे एका रकान्यात लिहून प्रत्येक वर्षासमोर उमेदवारी होती की नव्हती, पक्ष कोणता, चिन्ह कोणते, मते किती आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण, हे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांवरून भरावे. चरित्रनायक त्याआधीच्या पिढीतील असतील, तर १९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या भरात झाली होती, हे लक्षात ठेवावे. त्याही मागे गेल्यास १ मार्च १९४९ ही तारीख लागते. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणून त्यापूर्वीच्या राजकारणाचा शोध प्रजा परिषद या संस्थानातील लोकचळवळीच्या आणि दरबारच्या कागदांतच घ्यावा लागतो.

या कालपटात पोटनिवडणुका विसरू नयेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, हे सर्वांना पाठ आहे; परंतु सार्वत्रिक निवडणुकांतील त्यांचे विजय मोजले, तर ते दहाच भरतात. १९७२ साली त्यांचा पराभव झाला, १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत निवडून आले, आणि अकरावा विजय तो. १९९५ साली ते पुन्हा हरले आणि १९९९ साली पुन्हा जिंकले. शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षात राहून हरलेला माणूस त्याच मतदारसंघात, त्याच पक्षातून परत कसा उभा राहतो, हा त्या चरित्राचा खरा प्रश्न आहे आणि कालपट नीट आखला, तरच तो समोर येतो.

दुसरे काम मतदारसंघाच्या सीमांचे आहे आणि येथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. पहिल्या मसुद्यात मी काही गावांतील २००९ पूर्वीचे मतदान आजच्या करवीर मतदारसंघाच्या नावावर मांडले होते. सांगरूळच्या बाजूच्या एका वृद्ध कार्यकर्त्याने ते वाचून माझा हात धरला आणि विचारले, “आमचा सांगरूळ मतदारसंघ कुठं गेला?” २००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा, जिल्ह्यातील मतदारसंघ बारावरून दहावर आले, सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगाव आणि नुसते कोल्हापूर ही नावे गेली, तर कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण आणि हातकणंगले ही नावे आली. पुष्कळ नेत्यांची बदललेली निष्ठा, तुटलेली मैत्री आणि अचानक झालेली निवृत्ती यांचे मूळ या नकाशात असते. म्हणून पुनर्रचनेपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे शेजारी ठेवून, नेत्याची हक्काची गावे कोणत्या बाजूला गेली, हे गाववार पाहावे.

पक्षाचे नावही त्या त्या वर्षाचेच लिहावे. १९७८ च्या निवडणुकीत ‘काँग्रेस’ एवढेच लिहून भागत नाही, कारण त्या वेळी दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या आणि त्याच वर्षी जुलैत पुलोदचे, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. १९९९ साली राष्ट्रवादीची स्थापना झाल्यावर जिल्ह्यातील घराघरांत जी फाळणी झाली, तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवावे.

विधिमंडळातील कामासाठी छापील कार्यवाहीला पर्याय नाही. तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) प्रश्न, लक्षवेधी सूचना, खात्याच्या खर्चात कपात सुचवणाऱ्या कपात सूचना, अर्धा तास चर्चा आणि मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली अशासकीय विधेयके यांची वर्षवार नोंद करावी. आश्वासन समिती, अंदाज समिती, लोकलेखा समिती यांपैकी कोठे काम केले, तेही पाहावे. माणूस मंत्री झाला की त्याचे प्रश्न थांबतात, कारण तो उत्तर देणाऱ्या बाकावर बसतो. त्या वर्षांसाठी सभागृहात दिलेली उत्तरे आणि त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचावेत. शोध घेताना पूर्ण नाव हाताशी ठेवावे. शेतकरी कामगार पक्षाच्या ज्या नेत्याला लोक ‘एन. डी. सर’ म्हणत, ते कागदावर नारायण ज्ञानदेव पाटील असतात. लोकांचे देशभक्त रत्नाप्पाण्णा, म्हणजे जिल्ह्यातील स्वातंत्र्यसैनिक नेते, कागदावर रत्नाप्पा भरमाप्पा कुंभार असतात.

सभागृहाबाहेरच्या वर्षांना मात्र तेवढेच किंवा त्याहून जास्त महत्त्व द्यावे. एन. डी. पाटील अठरा वर्षे विधान परिषदेत होते, पुलोद सरकारात सहकारमंत्री होते आणि १९८५ ते १९९० या काळात कोल्हापूरचे आमदार होते. ही पदे दोन ओळींत संपतात. १९९० नंतरची तीस वर्षे त्यांच्याकडे आमदारकी नव्हती. पण सीमाप्रश्न असो की कोल्हापूरच्या टोलविरोधातील लढा असो, उतारवयातही ते रस्त्यावर उतरत राहिले. पदांच्या क्रमाने चरित्र लिहिणारा नेमका हाच भाग उपसंहारात कोंबतो आणि त्या माणसावर मोठा अन्याय करतो.

आपल्या जिल्ह्यात सहकार वगळून राजकीय चरित्र लिहिताच येत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या १९६२ साली अस्तित्वात आल्या, ‘गोकुळ’ दूध संघ १९६३ साली स्थापन झाला, आणि साखर कारखाना, जिल्हा बँक, सूतगिरणी, शिक्षणसंस्था यांच्या निवडणुकांत विधानसभेची पेरणी आधीच झालेली असते. त्यासाठी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मिळवावीत. अहवालातील अध्यक्षीय मनोगत भरभर वाचले तरी चालते. संचालकांची यादी मात्र सलग दहा वर्षांची काढून एकाखाली एक ठेवावी, म्हणजे कोणाचे नाव कोणत्या वर्षी गळाले, ते दिसते. जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींसाठी आणि स्थानिक प्रकाशनांसाठी १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय येथून सुरुवात करावी.

मुलाखती या सर्वानंतर घ्याव्यात, कारण कागद पाहिल्याशिवाय काय विचारायचे, तेच कळत नाही. खेड्यातील वृद्धांना साल विचारू नये. बैलजोडीवर शिक्का मारला की गायवासरावर (काँग्रेसची आधीची आणि नंतरची चिन्हे), की शेकापच्या खटाऱ्यावर, हे विचारावे. कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, २००५ चा महापूर यांच्या आधीची गोष्ट की नंतरची, एवढे कळले तरी कालपटात जागा सापडते. नातेवाईक आणि कार्यकर्ते यांच्याइतकाच वेळ कायम विरोधात राहिलेल्या माणसाला द्यावा. मला सर्वांत नेमकी माहिती दोनदा हरलेल्या एका प्रतिस्पर्ध्याकडून मिळाली.

आणि चालकाला भेटल्याशिवाय परत येऊ नये. आमच्या आमदारांचे चालक आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून निळ्या रेक्झिनची एक वही काढली. तारीख, गाव, किलोमीटर, डिझेल, एवढेच तीत लिहिलेले होते आणि कडेला बोटांचे तेलकट ठसे उमटलेले होते. मी १९८५ च्या मतमोजणीचे पान उघडले. त्या दिवशी साहेब पडले होते. संध्याकाळच्या नोंदीत घराचे नाव नव्हते. बावीस किलोमीटरवरच्या एका वाडीचे होते. विचारले, तर म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. “साहेब म्हणाले, गाडी फिरीव. मैतीचं घर हाय, आजच जायाला पायजे.” मी ते नुसते लिहून घेतले नाही. त्या वाडीत गेलो, ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद पाहिली, तारीख जुळली, तेव्हाच तो प्रसंग पुस्तकात घेतला. जुळली नसती, तर तो कितीही सुंदर असला, तरी सोडून द्यावा लागला असता.

आरोपांबाबतही हीच शिस्त ठेवावी. आरोप कोणी, केव्हा, कोठे केला, चौकशीत किंवा न्यायालयात काय निष्पन्न झाले आणि स्वतः नेत्याने काय उत्तर दिले, हे चारही मुद्दे एकाच ठिकाणी लिहावेत. २००३ नंतरच्या निवडणुकांसाठी उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र उपलब्ध असते; त्यातील मालमत्ता आणि खटल्यांची माहिती जशीच्या तशी घ्यावी. कुटुंबाने खर्च दिला असेल, तर मजकुरावर त्यांचा अधिकार राहणार नाही, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे. मी ते तोंडी ठरवले होते आणि पराभवाचे प्रकरण वाचवताना माझे सहा महिने गेले.

मसुदा पुरा झाल्यावर त्यातील गावांची प्रकरणे त्या त्या गावात जाऊन मोठ्याने वाचून दाखवावीत. चावडीत, दूध संस्थेच्या ओट्यावर, जेथे चार जाणती माणसे बसतील तेथे बसावे आणि जवळ वही-पेन ठेवावे. सांगरूळच्या बाजूचे प्रकरण मी दुसऱ्यांदा लिहिल्यावर पुन्हा त्याच वृद्धाकडे नेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, एका वस्तीचे नाव दुरुस्त केले आणि पुढचे प्रकरण वाचायला सांगितले.