जुन्या ट्रॅक्टरचा मूळ रंग जुळवताना या चुका टाळा

जुना ट्रॅक्टर उभा करणारी माणसं इंजिनासाठी जिवाचं रान करतात. लायनर-पिस्टन मिळवायला चार गावं पालथी घालतील, पंप खोलून कॅलिब्रेट करून आणतील. रंगाची वेळ आली की मात्र पेंटच्या दुकानात जाऊन सांगतात, "मॅसीचा लाल द्या दोन लिटर." दुकानदारही देतो. घरी आणून मारला की छान दिसतो. शेजारी कुणाची न रंगवलेली जुनी मॅसी (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) येऊन उभी राहिली की कळतं, दोन लाल वेगळे आहेत.

"मॅसीचा लाल" किंवा "इंटरनॅशनलचा लाल" असा एकच रंग नसतो. आपल्याला हवा असतो तो ठरावीक साली, ठरावीक कारखान्यात, त्या वेळच्या रंगद्रव्यांनी बनलेला लाल. त्याचा खात्रीचा नमुना कुठे मिळत असेल तर तो आपल्याच ट्रॅक्टरवर, कुठल्यातरी झाकलेल्या कोपऱ्यात. निम्म्या चुका तो न शोधल्यामुळे होतात.

मॉडेल न ओळखता रंग ठरवणे

आपल्याकडे सर्वात जास्त सापडतात त्या दोन जुन्या गाड्या घेऊ. पहिली बी-२७५. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हा ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. या गाडीचा पत्रा लाल आणि इंजिन-गिअरबॉक्सचं बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग, तेही लालच. अमेरिकेतल्या मूळ कंपनीने आपले ट्रॅक्टर करड्याचे लाल केले ते १९३६ साली, तेव्हापासून अंगभर लाल हीच त्यांची ओळख.

दुसरी मॅसी १०३५. टॅफे ही कंपनी १९६० साली मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली आणि १०३५चं मूळ इंग्लंडच्या ३५ मॉडेलात आहे. इथे पत्रा लाल, पण खालचं बीड करडं. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हेच ३५ मॉडेल १९५६ साली आलं तेव्हा त्याचा पत्रा करडा होता आणि इंजिन तांबूस-सोनेरी. लाल पत्रा आला तो १९५७च्या अखेरीस. त्यामुळे परदेशी गाडीचा फोटो पाहून आपल्या १०३५चं इंजिन सोनेरी करायचा मोह कुणाला झालाच, तर आवरावा.

हे आधी सांगायचं कारण, गॅरेजमध्ये सर्रास उलटं होतं. मॅसीचं बीडही लाल फासतात, कारण डब्यात रंग उरलेला असतो. बी-२७५चं इंजिन करडं करतात, कारण "इंजिन करडंच असतं." एकदा सगळं जोडून झालं की हे दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा खोलणं.

वरचाच थर मूळ समजणे

आपल्याकडचा जुना ट्रॅक्टर एकदाच रंगवलेला क्वचितच मिळतो. दर दसऱ्याला नाही, पण विकायच्या आधी, अपघातानंतर, पोरीच्या लग्नाच्या आधी, असे हात बसत गेलेले असतात. बोनेटच्या वरच्या पत्र्यावरून नमुना घेतला तर तो बहुधा कुठल्यातरी तालुक्याच्या पेंटरचा लाल असतो.

खिडकी पाडून बघायची सोपी पद्धत आहे. बोनेटच्या आतल्या काठाजवळ, मडगार्डच्या खालच्या बाजूला किंवा टूलबॉक्सच्या तळाला रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा. ४०० नंबरचा पाणीपेपर ओला करून मधोमध घासा, आणि कडेकडे जाताना ८०० ने हलका हात ठेवा. मध्यभागी नुसता पत्रा, त्याभोवती कारखान्याचा प्रायमर, मग मूळ लाल, मग नंतरचे लाल, नारिंगी, पुन्हा लाल, असे थर झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे उघडे पडतात. बाहेरून आत मोजत यायचं. मधे पुट्टीचा थर लागला तर तिच्या वरचं सगळं नंतरचं. सगळ्यात खालच्या रंगाच्याही खाली पुट्टी निघाली तर तो पत्रा ठोकून दुरुस्त केलेला आहे, तो नमुना सोडून द्या. पूर्ण बोनेटच दुसऱ्या गाडीचं असणं तर फारच नेहमीचं. म्हणून एकाच जागेवर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणच्या खिडक्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

सगळ्यात चांगला नमुना मिळतो तो ऊन, डिझेल आणि पेंटर तिघांनाही न सापडलेल्या जागी. कंपनीच्या पाटीच्या मागे, बॅटरीच्या ट्रेखाली (आम्लाने खाल्लेली नसेल तर), टाकी बांधणाऱ्या पट्टीखाली, हेडलाइटच्या रिंगच्या आत, जुन्या स्टिकरखाली. करड्या बिडासाठी एखाद्या ब्रॅकेटमागची जागा बघा. उघड्या बिडावरचा करडा तेल आणि उष्णतेने पिवळट होतो. तो जुळवून नवा रंग बनवला की सगळा ट्रॅक्टर आजारी दिसतो.

पॉलिश न करता नमुना मशीनला देणे

ऊन लागलेल्या रंगात वरचं राळ जळतं आणि रंगद्रव्याची भुकटी मोकळी होते. बोट फिरवलं की बोटाला लाल लागतं. असा लाल गुलाबीसर, फिकट वाचला जातो. मोठ्या शहरातल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानांत आता रंग वाचायचं मशीन असतं, पण ते दिसेल तेच वाचतं. आधी नमुना रबिंग कंपाउंडने घासा, पुसा, चकाकी येऊ द्या, मग मशीन टेकवा. जागा सपाट आणि मशीनच्या तोंडापेक्षा मोठी हवी. शक्य असेल तर टूलबॉक्सचं झाकणच काढून दुकानात न्या. मोबाइलवरचा फोटो दाखवून रंग बनवून घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तो त्यांचा पैसा.

रंगांना नंबर देणारी कार्डं, म्हणजे युरोपातलं रॅलचं कार्ड आणि भारतीय मानकाचं आयएस ५ कार्ड, ही दोन्ही उपयोगी आहेत, पण दिशा दाखवण्यापुरती. आयएस ५ मधला ५३७ नंबरचा सिग्नल रेड हा ट्रॅक्टर कंपनीने ठरवलेला रंग नाही. कार्डावर जवळचा नंबर सापडला म्हणजे जुळला असं नसतं. तसंच कंपनीच्या नावाने मिळणारा तयार स्प्रेचा डबा. तो आजच्या उत्पादनाच्या शेडचा असतो. २०१५च्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चालेल, १९७२च्यावर चालेलच असं नाही.

प्रायमरकडे दुर्लक्ष

जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असायची आणि त्यांची झाकण्याची ताकद मोठी होती. आजचे शिसं नसलेले लाल पारदर्शक असतात. खालचा प्रायमर त्यातून डोकावतो. बोनेटला रेडऑक्साइड आणि मडगार्डला करडा प्रायमर मारून वर एकाच डब्यातला लाल मारला, तरी दोन लाल दिसणार. सगळ्या पत्र्याला एकच प्रायमर, एकाच रंगाचा.

किती हात लागतील हे अंदाजाने ठरवू नका. प्रायमर मारलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर मार्करने एक काळा आणि एक पांढरा पट्टा काढा आणि रंगाचे हात मोजत मारा. दोन्ही पट्टे ज्या हाताला पूर्ण नाहीसे होतील, तितके हात सगळ्या गाडीला. मार्कर रंगातून वर फुटत असेल तर पट्टे रंगानेच काढा.

याच शिशामुळे जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क वापरा, मुलांना अंगणातून लांब ठेवा आणि गाळ विहिरीच्या बाजूला वाहू देऊ नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत हवं, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जुन्या ट्रॅक्टरवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

डब्यात बघून "जुळला" म्हणणे

ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात. एनॅमल वाळल्यावर बहुधा गडद होतो. आधी अर्धा पाव रंग बनवून घ्या, पत्र्याच्या तुकड्यावर स्प्रे गनने मारा (ब्रशने नको, जाडी बदलते), एक दिवस वाळू द्या. मग तो तुकडा पॉलिश केलेल्या नमुन्याला चिकटवून धरा आणि बघा: सकाळी उन्हात, दुपारी सावलीत, संध्याकाळी शेडमधल्या दिव्याखाली. उन्हात तंतोतंत जुळलेले दोन लाल एलईडीखाली वेगळे पडू शकतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात. सगळ्या प्रकाशात जुळणं नेहमी जमत नाही. अशा वेळी मी उन्हातलं जुळणं धरतो, ट्रॅक्टर उन्हातच बघायचा असतो.

कधी रंग बरोबर असतो आणि चमक चुकलेली असते. चकचकीत पृष्ठभागावर तोच लाल खोल दिसतो, मंद चमकेवर फिकट. जुन्या कारखान्याच्या एनॅमलला आजच्या कारसारखा आरसा नव्हता. वरून क्लिअर कोट मारून ट्रॅक्टर काचेसारखा करणं मला पटत नाही. ज्याला आवडतं त्याने करावं, पण मग त्याला मूळ रंग म्हणू नये.

मारल्यानंतर दिसणारे दोष

बोनेट आणि मडगार्डची शेड वेगळी आली, प्रायमरही एकच होता, तर डबे वेगळ्या वेळी बनवलेले असतात. लागणारा सगळा रंग एकदम घ्या, मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, गाळा आणि मगच वापरा. थिनरचं प्रमाण आणि गनचा दाबही सगळीकडे तोच ठेवा.

रंग मारताच माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर पत्र्यावर तेल आहे. धुऊन झाल्यावर ट्रॅक्टरला डिझेलचा बोळा फिरवून चमकवायची आपली सवय इथे नडते. ते डिझेल सांध्यांत आणि बोल्टच्या भोकांत मुरलेलं असतं. खड्ड्यांवर आणखी रंग ओतून ते भरत नाहीत. वाळवा, घासून काढा, स्वच्छ थिनरच्या फडक्याने पुसा, दर वेळी नवं फडकं घ्या.

रंग सुरकुतला किंवा उचलला गेला, तर जुन्या एनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा कडक थिनर बसलाय. तिथला जुना थर पूर्ण काढावाच लागतो. पावसाळ्यात एनसी रंगावर पांढरट झाक येते ती हवेतल्या ओलाव्याची. त्याला शेड चुकली समजून नवा रंग बनवायला धावू नका, कोरड्या दिवशी पुन्हा मारून बघा. आणि पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्याला योग्य फिल्टरचा मास्क लागतो.

सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा रंग मारला तर पहिल्याच नांगरटीत जळून तपकिरी होतो. तिथे उष्णतारोधक रंगच हवा.

घासायला घेण्याआधी स्टिकरच्या जागा टेपने मोजून, फोटो काढून ठेवा, नाहीतर नवं नाव दोन बोटं वर-खाली बसतं. कंपनीच्या पाट्या काढून ठेवा. रिव्हेट काढायची भीती वाटत असेल तर टेपने नीट झाका, रंगाखाली बुजवू नका. आरसी बुकात रंग नोंदलेला असतो. मूळ लाल शोधताना गाडीचा नोंदलेला रंगच बदलणार असेल, तर आरटीओत आधी विचारा. आणि दुकानातून रंगाची ग्रॅममधली कृती लिहून घ्या, सोबत कोणत्या प्रकारचा रंग, किती हात आणि कोणता प्रायमर हेही. एनॅमलची कृती पीयूला तशीच चालत नाही. पुढच्या वर्षी मडगार्डला ओरखडा पडला की ती चिठ्ठी लागणार आहे.