विद्यार्थ्यांसह फ्रेंच ऑपेरा बसवताना या चुका टाळा

पाश्चात्त्य गायन शिकवणाऱ्या संस्थांमध्ये वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना घेऊन एक पूर्ण ऑपेरा रंगमंचावर आणण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि त्यासाठी मोझार्टच्या ठरलेल्या कृती बाजूला ठेवून क्वचितच होणारा एखादा फ्रेंच ऑपेरा हाती घेणाऱ्या संस्थाही आहेत. मास्नेचा किंवा पोलिन व्यार्दोचा 'सांद्रियों' (म्हणजे सिंड्रेलाची गोष्ट), शाब्रिएचा 'लेत्वाल' ही अशी काही नावे. मुंबई-गोव्याकडून परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही या भूमिका येतात. अशा कृतीचा शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा हा की तिच्यामागे नक्कल करण्याजोगी परंपरा नसते, त्यामुळे गायकाला स्वरलिपी, शब्द आणि स्वतःची समज एवढ्याच भांडवलावर भूमिका उभी करावी लागते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका हा आधाराचा अभाव सहन न झाल्यामुळे होतात.

कृती निवडताना

पहिली चूक तालमी सुरू होण्याच्या बरीच आधी, निवड समितीच्या बैठकीत होते. दिग्दर्शकाला आवडलेली कृती आधी ठरते आणि नंतर तिच्यासाठी आवाज शोधले जातात. गायनाच्या वर्गात मुली बहुधा जास्त, त्यातही सोप्रानो (सर्वांत उंच स्त्री आवाज) अधिक, टेनर (उंच पुरुष आवाज) मोजके आणि खरा बास (सर्वांत खालचा पुरुष आवाज) क्वचितच, हे बहुतेक संस्थांमधले वास्तव आहे. अशा ठिकाणी मास्नेचा 'सांद्रियों' का टिकून आहे हे भूमिकांची यादी पाहिली की कळते: नायिका ल्युसेत, परी, सावत्र आई, दोन सावत्र बहिणी आणि स्त्री आवाजासाठीच लिहिलेला राजपुत्र. पुरुषांपैकी मोठी भूमिका फक्त वडिलांची, म्हणजे पांदोल्फची आहे. बाकीच्या दरबारी भूमिका छोट्या आहेत.

वाद्यवृंद परवडत नाही म्हणून मोठ्या ऑपेराचे पियानोवर भागवणे हीसुद्धा टाळता येण्याजोगी गोष्ट आहे, कारण मुळातच पियानोसाठी लिहिलेली कृती उपलब्ध आहे. व्यार्दो ही एकोणिसाव्या शतकातली नामांकित गायिका आणि तितकीच नामांकित शिक्षिका. तिने आपला 'सांद्रियों' ७ भूमिका आणि पियानो एवढ्यासाठीच लिहिला. संहिताही तिचीच. १९०४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या एका शिष्येच्या दिवाणखान्यात त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा व्यार्दोचे वय ८२ होते. तासाभराच्या या कृतीत प्रत्येक गायकाला काहीतरी ठोस करायला मिळते, आणि पियानो हीच तिची मूळ साथ असल्याने प्रेक्षकांना काही कमी पडल्यासारखे वाटत नाही.

भारतीय विद्यार्थी वर्गात असला की फ्रेंच संगीतकार रूसेलच्या 'पद्मावती'चा विषय कोणीतरी काढतोच. चितोडच्या कथेवरची ही कृती १९२३ मध्ये पॅरिस ऑपेरात झाली आणि २००८ मध्ये पॅरिसच्याच शातले नाट्यगृहात संजय लीला भन्साळी यांनी ती दिग्दर्शित केली. पण तिला मोठा कोरस लागतो, नृत्य लागते आणि शीर्षक भूमिकेसाठी पक्व काँट्राल्टो (सर्वांत खालच्या पट्टीची गायिका) लागते. ऐकावी, अभ्यासावी, विशीतल्या आवाजांवर लादू नये.

आवाजाच्या प्रकाराचे लेबल शब्दशः घेणे

मास्नेने राजपुत्राच्या भूमिकेपुढे 'फाल्कन किंवा भावप्रधान सोप्रानो' अशी सूचना छापली आहे. फाल्कन हा गडद, जड सोप्रानो आवाजाचा प्रकार कॉर्नेली फाल्कन या गायिकेच्या नावावरून रूढ झाला. तिने १८३२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पॅरिस ऑपेरात पदार्पण केले आणि १८३७ मध्ये चालू प्रयोगातच तिचा आवाज गेला. तेव्हा ती २३ वर्षांची होती. त्यामागच्या कारणांबद्दल आजही वेगवेगळी मते मांडली जातात, पण लहान वयात मोठ्या नाट्यगृहात जड भूमिका सतत गाणे हे त्यांतले एक कारण असावे, असे गायनशिक्षकांना वाटणे स्वाभाविक आहे. ही भूमिका ज्या मुलीला मिळते ती साधारण त्याच वयाची असते, हे शिक्षकाने विसरू नये.

म्हणून मधल्या पट्टीत दाट, गडद आवाज 'तयार करून' गाण्याचा मोह टाळावा. राजपुत्र पुरुष आहे हे उभे राहण्यातून, चालण्यातून आणि समोरच्याकडे पाहण्यातून कळते. त्यासाठी पहिल्या तालमीपासून बूट आणि कोट अंगावर असावेत, रंगीत तालमीच्या दिवशी ते प्रथमच चढवले की पाऊल अडखळते आणि पाठोपाठ श्वासही. आवाज मात्र गायिकेचा आज जेवढा आहे तेवढाच वापरावा.

एकाच ध्वनिमुद्रणावर विसंबणे

क्वचित होणाऱ्या ऑपेराची ध्वनिमुद्रणे थोडी असतात. विद्यार्थी त्यांतले एक निवडतो, रोज ऐकतो आणि दोन आठवड्यांत ते त्याच्या कानात इतके पक्के बसते की स्वरलिपीत छापलेला थांबा किंवा लय त्याला दिसेनाशी होते. 'सांद्रियों'च्या बाबतीत यातला धोका फारच उघड आहे. १९७८ मध्ये ज्युलियस रुडेल यांच्या संचालनाखाली झालेल्या, नायिकेच्या भूमिकेत फ्रेडरिका फॉन श्टाडे असलेल्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात राजपुत्र निकोलाय गेडा या टेनरने गायला आहे. त्यावरून राजपुत्र शिकणाऱ्या मेझोच्या (मधल्या उंचीच्या स्त्री आवाजाच्या) कानात दोन प्रेमिकांच्या युगुलगीताचे जे चित्र तयार होते, ते मास्नेने लिहिलेल्या दोन जवळच्या स्त्री आवाजांच्या गुंफणीपेक्षा एक सप्तक लांबचे असते. आणि हा काही विस्मृतीत गेलेला ऑपेरा नव्हे: १८९९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये तो यशस्वी झाला होता, तरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने तो प्रथम केला २०१८ मध्ये.

उपाय साधा आहे, पण शिस्तीचा आहे. आधी शब्द तालात वाचावेत, मग स्वर शब्दांवाचून म्हणावेत, मग दोन्ही एकत्र करावेत, आणि भूमिका पाठ झाल्यावरच ध्वनिमुद्रण ऐकावे. तेही हातात स्वरलिपी धरून, आपल्यापेक्षा काय वेगळे झाले आणि का झाले याची नोंद करत. मास्ने लय, जोर आणि श्वास यांच्या सूचना अतिशय बारकाईने लिहिणारा संगीतकार आहे. त्या सूचना एकदा प्रामाणिकपणे पाळून पाहिल्यावर बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

उच्चार: इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे जाणे

मराठी विद्यार्थी फ्रेंच उच्चार बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकतो आणि त्यामुळे इंग्रज विद्यार्थ्याच्या अडचणी विनाकारण आपल्या डोक्यावर घेतो. इंग्रजी बोलणाऱ्याला प, त, क हे हवेच्या झोताशिवाय उच्चारायला महिने लागतात; आपल्याला प आणि फ, त आणि थ यांतला फरक लहानपणापासून येतो, आणि आपला दंत्य त फ्रेंच त च्या अगदी जवळ आहे. गाताना जिभेच्या टोकाने उच्चारलेला र परंपरेने चालतो, तोही आपल्याकडे तयार आहे. तेव्हा या गोष्टींवर वेळ घालवू नये.

वेळ द्यायचा तो पुढील गोष्टींना. अनुनासिक स्वर उच्चारताना आपली जीभ शेवटी न ला टेकते किंवा ओठ म ला मिटतात, जसे 'अंत' किंवा 'अंबा' म्हणताना होते. फ्रेंचमध्ये स्वर नाकातून जातो, पण जीभ कुठेही टेकत नाही आणि ओठही मिटत नाहीत. आरशासमोर लांब 'आं' धरून शेवटी तोंड उघडेच राहते का, हे पाहणे ही सर्वांत खात्रीची तपासणी. दुसरा अडसर म्हणजे 'ई' आणि 'ऊ' यांच्यामधला स्वर: जीभ ई ची आणि ओठ ऊ चे. विद्यार्थी तो 'यू' असा दोन तुकड्यांत म्हणतात आणि लांब सुरावर तो तुकडा प्रेक्षकाच्या कानाला टोचतो. तिसरा अडसर व चा: मराठीत तो ओठ सैल ठेवून होतो, फ्रेंचमध्ये खालचा ओठ वरच्या दातांना लागलाच पाहिजे.

जोडोच्चाराचे, म्हणजे दोन शब्द जोडून म्हणण्याचे, नियम अंदाजाने लावू नयेत. 'मुले' म्हणताना फ्रेंचमध्ये 'लेझांफां' असा झ मध्ये येतो, पण 'वीर' म्हणताना 'ले एरो' असेच म्हणावे लागते. तिथे चुकून झ घातला की वीरांची शून्ये होतात आणि फ्रेंच जाणणारा प्रेक्षक गंभीर प्रवेशात हसतो.

शब्दाच्या शेवटचा मुका स्वर ही मात्र जरा खोलात जाण्याची बाब आहे. बोलताना 'बेल' असा एकाच उच्चारखंडाचा शब्द गाताना 'बे-ल' होतो, कारण संगीतकाराने त्या शेवटच्या हलक्या स्वरालाही सूर दिलेला असतो. नवशिका गायक त्या सुरावर बाकी सुरांइतकाच दाब देतो आणि ओळ दर दोन मात्रांनी आपटत जाते. तो सूर नुसता स्पर्शून सोडायचा असतो. उलट, ज्या ऑपेरांमध्ये संवाद बोलले जातात तिथे त्याच गायकाने पुढच्याच मिनिटाला तो स्वर गिळायचा असतो. गाण्यातला उच्चार संवादात घुसला की पात्र शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उभे असल्यासारखे वाटते. बोलताना र घशातला घ्यायचा की जिभेचा, याचा निर्णय संपूर्ण संचासाठी पहिल्याच आठवड्यात एकदाच घ्यावा. एका घरातल्या दोन बहिणी दोन प्रकारे बोलल्या तर कुटुंब खोटे वाटते.

संवाद शेवटच्या आठवड्यावर ढकलणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. व्यार्दो आणि शाब्रिए यांच्या कृतींमध्ये गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद आहेत. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही, पण संस्थेच्या वेळापत्रकात संगीताच्या तालमींना तास मिळतात आणि संवाद 'घरी पाठ करून या' म्हणून सोपवले जातात. परिणाम असा होतो की सुरेख गाणारा टेनर संवाद आला की खांदे पाडून, खालच्या पट्टीत, श्वासाच्या आधाराशिवाय पुटपुटतो, आणि लगेच पुढचे गाणे त्याच थकलेल्या घशाने सुरू करतो. गाऊन आवाज बसत नाही पण तालमीनंतर बसतो, अशी तक्रार आली तर आधी संवादच तपासावेत.

बोलण्याची पट्टी आपल्या रोजच्या बोलण्यापेक्षा थोडी वर ठेवावी आणि प्रत्येक वाक्याला गाण्याइतकाच श्वास द्यावा. विशेष लक्ष द्यायचे ते गद्यातून गाण्यात जाण्याच्या जागेवर. पियानिस्ट शेवटच्या वाक्याखालीच पहिला स्वरसमूह धरतो. गायकाने त्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द बोलतानाच आवाजाची उंची येणाऱ्या सुराच्या शेजारी आणून ठेवावी. मग गाणे वाक्यातूनच उगवल्यासारखे वाटते. हे न जमल्यास तिथे अर्ध्या सेकंदाचे भोक पडते, आणि प्रत्येक गाण्याआधी ते पडत राहिले की प्रयोग सैल होतो. संवादांचे तास आवाजाच्या तासांमध्ये धरावेत, हेही ओघाने आलेच.

संवाद स्थानिक भाषेत आणि गाणी फ्रेंचमध्ये ठेवण्याची सोय पुष्कळ संस्था करतात. प्रेक्षकांसाठी ती ठीक आहे, पण विद्यार्थ्याच्या शिक्षणातला अर्धा भाग त्यामुळे गळतो. त्याऐवजी संवाद निम्मे कापावेत आणि उरलेले फ्रेंचमध्ये नीट बसवावेत.

वाद्यवृंदासोबत मागे पडणे

पियानोचा आघात तात्काळ ऐकू येतो, तर तंतुवाद्यांचा सूर हळूच उमलतो आणि रंगमंचापुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून रंगमंचापर्यंत यायला थोडा वेळही घेतो. ऐकू आल्यावर गाणारा गायक म्हणूनच मागे राहतो. इथे कानापेक्षा संचालकाच्या हातावर भरवसा ठेवावा लागतो. पूर्वतयारी म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत पियानिस्टने पियानोसाठीच्या छापील संक्षेपाऐवजी पूर्ण स्वरलिपीतील ओबो, क्लॅरिनेट यांच्या नेमक्या ओळी वाजवून दाखवाव्यात, म्हणजे वाद्यवृंदासह होणाऱ्या पहिल्या बैठकीत अनोळखी आवाजांनी गायक गोंधळत नाही. हालचालींच्या तालमीत रोज पूर्ण आवाजात गाऊ नये. अर्ध्या आवाजात गावे, पण व्यंजने आणि लय मात्र पूर्ण ठेवावीत.

विनोदी प्रवेशात प्रेक्षक गायकाच्या आधीच हसत असतील तर दोष बहुधा पडद्यावरच्या भाषांतराचा असतो: विनोदाची ओळ एकाच पाटीवर छापलेली असते आणि गायक अजून पहिल्या शब्दावर असतो. ती ओळ दोन पाट्यांत तोडली की प्रश्न मिटतो.

हक्क आणि छापील प्रती

ऑपेरा जुना म्हणजे हक्कमुक्त, असे गृहीत धरू नये. युरोपीय संघात मुदत ७० वर्षांची आहे आणि ती संगीतकार व संहिताकार यांच्यापैकी जो शेवटी निवर्तला त्याच्या मृत्यूपासून मोजतात. मास्ने १९१२ मध्ये आणि त्याचा संहिताकार आंरी कँ १९३७ मध्ये गेला, म्हणून 'सांद्रियों'ला अडचण नाही. पण संगीतकार रॅव्हेल १९३७ मध्ये जाऊनही त्याच्या बालकथेवरच्या ऑपेराची मुदत, शब्द लेखिका कोलेतचे असल्यामुळे आणि तिचे निधन १९५४ मध्ये झाल्यामुळे, २०२४ च्या अखेरपर्यंत चालली. अनुवादाचे आणि नव्या संपादित आवृत्तीचे हक्क वेगळे असतात.

क्वचित वाजणाऱ्या कृतींच्या प्रतींमध्ये छपाईच्या चुका पिढ्यानपिढ्या तशाच राहतात, कारण त्या दुरुस्त करायला पुरेसे प्रयोगच होत नाहीत. गायकांच्या प्रतीत शार्प (सूर अर्ध्याने चढवण्याची खूण) असतो, व्हायोलाच्या प्रतीत नसतो, आणि बैठकीतला महागडा अर्धा तास त्या एका सुरावर जातो. पूर्ण स्वरलिपी, गायकांची प्रत आणि वाद्यांचे सुटे कागद आधीच ताडून पाहण्याचे काम दोन विद्यार्थ्यांना द्यावे. त्यांनाही त्यातून शिकायला मिळते. भाड्याने आणलेल्या प्रती परत करताना सापडलेल्या चुकांची यादी, पानाच्या आणि मापाच्या (स्वरलिपीतल्या बारच्या) क्रमांकासह, प्रकाशकाकडे पाठवावी.