जपानला राहायला जाताय? आधी जमीन समजून घ्या, मग फ्लॅट बघा

पुण्यामुंबईहून जॉबसाठी जपानला निघालेल्या जवळपास प्रत्येकाच्या घरी एकच प्रश्न असतो, तिकडे एवढे भूकंप होतात मग राहायचं कसं? आणि उत्तरं पण ठरलेली, एक तर "सवय होते, टेन्शन घेऊ नका" नाहीतर "बापरे, कशाला जाताय". दोन्ही काही कामाची नाहीत. जपानवर भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी, टायफून, पूर, दरडी सगळंच येतं हे खरंय, पण तुम्ही जिथे राहणार त्या पत्त्यावर यातलं नेमकं काय येऊ शकतं हे आधी बघता येतं, तिथल्या सरकारने नकाशे काढून ठेवलेत, फुकट आहेत, आणि आपली मंडळी फ्लॅट बघताना स्टेशन किती मिनिटांवर, इंडियन स्टोअर जवळ आहे का, एवढंच बघतात. म्हणून हे लिहितोय.

आधी कारण समजून घ्या. कारण कळलं की तयारीची यादी पाठ करावी लागत नाही.

जपान चार प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे, एकमेकींना भिडतात तिथे बसलाय. पॅसिफिक प्लेट वर्षाला ८ ते ९ सेंटीमीटर सरकत पूर्वेकडून जपानच्या खाली शिरते, दक्षिणेकडून फिलिपीन सी प्लेट शिरते. शिरताना ती वरच्या प्लेटची कड सोबत खाली ओढते, वाकवून धरलेल्या पट्टीसारखा तिच्यात ताण साठत जातो, कधी शंभर वर्षं तर कधी त्याहून जास्त, आणि मग एक दिवस ती कड सुटते. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला ईशान्य जपानजवळच्या समुद्रात तेच झालं. तीव्रता ९.०, ओशिका नावाचं अख्खं द्वीपकल्प ५ मीटरहून जास्त सरकलं आणि १ मीटरहून जास्त खचलं. समुद्राचा तळ असा एकदम वर उचलला गेला की त्याच्यावरचं सगळं पाणी उचललं जातं, तीच त्सुनामी. मृत आणि बेपत्ता धरून १८,००० हून जास्त माणसं गेली आणि त्यातली बहुतेक हादऱ्याने नाही, पाण्याने गेली.

ज्वालामुखी पण याच कारणाने. खाली जाणारी प्लेट समुद्राचं पाणी खडकात धरून सोबत नेते, साधारण १०० किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं, त्याने वरचा खडक कमी तापमानालाच वितळायला लागतो आणि मॅग्मा तयार होतो. देशात असे १११ सक्रिय ज्वालामुखी आहेत, फुजी त्यातलाच, १७०७ मध्ये तो फुटला तेव्हा राख आजच्या टोकियोपर्यंत पडली होती.

आपलं दख्खन प्लेटच्या कडेपासून लांब आहे म्हणून आपल्याला याची सवय नाही. पण किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या लोकांवर पडल्या आणि जवळपास १०,००० माणसं गेली, तीव्रता होती ६.२ च्या आसपास. जपानच्या आसपास ६ च्या वरचे भूकंप दरवर्षी होतात आणि बहुतेक वेळा कुणीही दगावत नाही, कारण बरेचसे समुद्रात होतात आणि जमिनीवरची घरं ते झेलायला बांधलेली असतात. म्हणजे माणूस जातो तो घरामुळे आणि जागेमुळे, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता पाऊस. देशाचा साधारण ७०% भाग डोंगराळ, त्यामुळे नद्या लांबीला छोट्या आणि उतार तीव्र. सगळ्यात लांब नदी शिनानो, ३६७ किलोमीटर. आपली गोदावरी १,४६५. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की पाणी काही तासांत शहरात हजर. जून-जुलैमध्ये त्सुयू म्हणजे तिथला पावसाळा आणि मग ऑगस्ट ते ऑक्टोबर टायफूनचा जोर. आणि लोक राहतात कुठे, तर याच नद्यांनी गाळ टाकून बनवलेल्या सपाट जमिनीवर. तीच जमीन सखल म्हणून बुडते आणि तीच मऊ म्हणून भूकंपात जास्त हलते. टोकियो, ओसाका, नागोया तिन्ही अशाच जागी आहेत.

मग घर कसं बघायचं?

निशी-कासाईचंच घ्या, कारण आपली माणसं सगळ्यात जास्त तिथे. हा टोकियोतला एदोगावा वॉर्ड, एका बाजूला आराकावा नदी, दुसऱ्या बाजूला एदोगावा नदी, खाली समुद्र. वॉर्डाची साधारण ७०% जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, एकेकाळी कारखान्यांनी जमिनीतलं पाणी उपसल्यामुळे ती आणखी खचली, बांध आणि पंप आहेत म्हणून कोरडी राहते. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्ड ऑफिसने घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या कव्हरवर वॉर्डाचं चित्र आणि त्यावर सरळ लिहिलेलं, इथे थांबू नका. सरकारी कागदावर एवढं स्पष्ट वाक्य मी दुसरीकडे बघितलेलं नाही. आत सांगितलंय की मोठा पूर आला तर काही ठिकाणी पाणी दोन आठवड्यांहून जास्त उतरणार नाही, म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन बसण्यापेक्षा आधीच वॉर्डाच्या बाहेर, उंच भागात निघून जा. त्याच ऑक्टोबरमध्ये हागिबीस टायफून आलं. आराकावाचा बांध टिकला, पण दुसरीकडे कितीतरी नद्यांचे बांध फुटले.

याचा अर्थ निशी-कासाईत राहू नका असं मी म्हणत नाहीये, शाळा, देऊळ, ओळखीची माणसं सगळं तिथे आहे आणि परक्या देशात ते खूप मोठं आहे. पण राहायचं तर चौथ्या मजल्याच्या वर बघा आणि टायफूनच्या आदल्या दिवशी कुणाकडे जायचं ते आधीच ठरवून ठेवा, उंच भागातला मित्र, योकोहामाचा नातेवाईक, नाहीतर हॉटेल.

कुठल्याही शहरात हेच करा. 'कासानेरू हजार्ड मॅप' म्हणून सरकारी नकाशा आहे, त्यात पत्ता टाकला की पूर, दरड, त्सुनामी सगळे थर एकावर एक दिसतात, रंग जितका गडद तितकं पाणी खोल, जपानी येत नसलं तरी कळतं. दुसरं म्हणजे ब्रोकरला विचारा. ऑगस्ट २०२० पासून करार करायच्या आधी पुराच्या नकाशावर ते घर कुठे आहे हे दाखवणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे, पण तो ते घाईघाईत उरकतो, तुम्ही थांबवून विचारा. तिसरं, बिल्डिंगला बांधकामाची परवानगी कधी मिळाली ते विचारा, जून १९८१ नंतरची हवी, कारण तेव्हा भूकंपाचे नियम कडक झाले, आणि लाकडी घर असेल तर २००० नंतरचं. भाडं कमी दिसतं म्हणून १९७० च्या दशकातलं लाकडी घर घेऊ नका. कोबेला १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ ला भूकंप झाला, ६,४३४ माणसं गेली, त्यातली खूपशी जुन्या लाकडी घरांखाली आणि कपाटांखाली चिरडून.

समुद्रात भराव घालून केलेली जमीन असेल तर तेही बघा. निशी-कासाईच्या शेजारच्या उरायासूत २०११ ला घरं पडली नाहीत पण वाळू आणि पाणी जमिनीतून वर आलं, घरं कलली, ड्रेनेजच्या लाइन तुटल्या आणि लोक कितीतरी दिवस टॉयलेटविना राहिले.

घरात शिरल्यावर पहिल्या आठवड्यातच पलंगाची जागा ठरवा, त्याच्यावर पडेल असं उंच कपाट आसपास नको. भाड्याच्या घरात भिंतीला स्क्रू मारता येत नाही म्हणून कपाट आणि छताच्या मधे घट्ट बसवायचे दांडे मिळतात, टीव्हीखाली लावायचे जेलचे पॅड मिळतात. पलंगाशेजारी बूट आणि टॉर्च ठेवा, कारण फुटलेल्या काचेवर अनवाणी चालता येत नाही.

पाणी माणशी दिवसाला ३ लिटर, निदान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी इकडे खास लक्ष द्या, हिनानजो म्हणजे वॉर्डाच्या निवारा केंद्रात जे मिळतं त्यात माशाचा अर्क नाहीतर मांस असण्याची शक्यता जास्त आणि त्या गडबडीत लेबल वाचून द्यायला कुणी मोकळं नसतं. म्हणून आपलं आपण ठेवा, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, सातूचं पीठ, दूध पावडर, रेडी टू ईटची पाकिटं. अल्फा राइस म्हणून सुका भात मिळतो, गरम पाणी घातलं तर १५ मिनिटांत आणि गार पाणी घातलं तर तासाभरात होतो, त्यातला साधा कोरा घ्या. जुनं होत आलं की खाऊन टाका आणि नवं आणून ठेवा, वेगळा "इमर्जन्सीचा डबा" करून माळ्यावर टाकला की तो एक्सपायर झाल्यावरच सापडतो.

आणि टॉयलेट. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. उंच इमारतीत हादऱ्यानंतर पाइप तपासेपर्यंत फ्लश करायचा नसतो, खालच्या मजल्यावर घाण वर येते. पिशवी आणि पाणी घट्ट करणारी पावडर असलेली पाकिटं मिळतात, माणशी दिवसाला पाच धरा. घरात आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर खाण्याच्या आधी हे घ्या.

हादरा बसताना: फोनवर भूकंपाच्या इशाऱ्याचा तो भयंकर आवाज वाजला की तुमच्या हातात काही सेकंद असतात. भूकंपाची पहिली लाट वेगवान पण हलकी असते, मोडतोड करणारी दुसरी मागून येते, पहिली पकडून सगळ्यांना अलर्ट जातो. भूकंप अगदी जवळचा असेल तर आवाज आणि धक्का एकदमच येतात. जे काही सेकंद मिळतील तेवढ्यात टेबलाखाली जा, डोकं सांभाळा, बाहेर पळू नका, गॅसकडे धावू नका, मोठ्या हादऱ्यात मीटर आपोआप बंद होतो. टीव्हीवर जो आकडा दिसतो तो शिंदो, म्हणजे तुमच्या जागी किती हललं ते, ० ते ७. रिश्टरसारखा वाचून "३ च तर आहे" किंवा "७ म्हणजे संपलं" असे मेसेज घरी पाठवू नका.

समुद्राजवळ असाल आणि जोराचा किंवा खूप वेळ चाललेला हादरा जाणवला तर सायरनची वाट बघायची नाही, उंचावर पळायचं, पायीच. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा काही किनाऱ्यांवर पाणी काही मिनिटांतच पोचलं. ईशान्य किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरातल्या शाळांमध्ये मुलांना शिकवलं होतं की कुणासाठी थांबू नका, आपापलं पळा, घरचेही पळाले असतील यावर विश्वास ठेवा. २०११ ला तिथली जवळपास ३,००० मुलं वाचली. आईबाप म्हणून हे ऐकायला जड जातं, पण मुलांशी हे आधी बोलून ठेवाच.

टायफूनला मात्र वेळ मिळतो. इशारे १ ते ५ पातळ्यांचे. घरात म्हातारी माणसं, बाळ, गरोदर बाई असेल तर ३ ला निघा, बाकीच्यांनी ४ ला. ५ ची वाट बघायची नाही, ५ म्हणजे पाणी आलेलं असतं किंवा येण्यात असतं.

ऑफिसात असताना मोठा भूकंप झाला तर लगेच घरी चालत निघू नका. २०११ ला टोकियो परिसरात ५० लाखांहून जास्त लोक अडकले, रस्ते माणसांनी भरले, ॲम्ब्युलन्स हलेनात. आता टोकियोत नियम आहे की कंपन्यांनी लोकांना तीन दिवस पुरेल एवढं पाणी, खाणं ठेवायचं. शाळेतून मूल कोण आणणार हे नवरा-बायकोने आधी ठरवा, आणि शेजारचं एखादं मराठी कुटुंब पण शाळेच्या यादीत लिहून ठेवा.

इन्शुरन्सचं थोडक्यात: फ्लॅट घेताना जो आगीचा विमा काढायला लावतात त्यात भूकंपाने झालेलं नुकसान येत नाही, भूकंपामुळे लागलेली आगसुद्धा नाही. ते वेगळं जोडावं लागतं, पुराचं पण विचारून घ्या.

शेवटचं घरच्यांसाठी. बातमी भारतात काही मिनिटांत पोचते आणि सगळे एकदम फोन करतात, लाइन जाम होते, बॅटरी जाते. आई-बाबांना आत्ताच सांगून ठेवा की फोन करायचा नाही, मीच फॅमिली ग्रुपवर "ठीक आहे, घरी आहे" एवढं टाकीन, मग बाकीच्यांना मामा किंवा काकू कळवतील, आणि माझा मेसेज उशिरा आला तरी नेटवर्क नसेल असं समजायचं. जपानमधल्या जपानमध्ये एकमेकांना शोधायला १७१ नंबर आहे, त्यावर आवाजात निरोप ठेवता येतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तो सरावासाठी चालू असतो, नवरा-बायकोने एकदा करून बघा.