मायटोकाँड्रियाचा आजार असलेल्या मुलाला आकडी येत असेल तर काय करावे

पेशींना लागणारी ऊर्जा मायटोकाँड्रिया तयार करतात आणि मेंदूला ती सतत व भरपूर लागते. ऊर्जा कमी पडली की आकडी येण्याचा संभव वाढतो, आणि आकडी सुरू असेपर्यंत मेंदूची उरलीसुरली ऊर्जाही वेगाने खर्च होते. म्हणूनच या मुलांची आकडी ‘थांबेल आपोआप’ म्हणून पाहत बसण्यासारखी नसते.

सर्वांत आधी औषधांची यादी तपासावी. सोडियम व्हॅल्प्रोएट हे आकडीवरील नेहमीचे औषध असून असंख्य मुलांना त्याचा गुण येतो. परंतु पीओएलजी (POLG) या, मायटोकाँड्रियाच्या कामाशी संबंधित जनुकात दोष असलेल्या मुलाचे यकृत त्यामुळे अचानक निकामी होऊन जिवावर बेतू शकते. दोन वर्षांखालील मुलात असा दोष असल्याचा नुसता संशय असला, तरी ते देऊ नये. डायव्हॅलप्रोएक्स हे त्याचेच दुसरे रूप आहे, त्यामुळे केवळ गोळीचे नाव न पाहता वेष्टनावरील घटक वाचावा. मूल हे औषध आधीपासून घेत असेल तर ते स्वतःहून बंद करू नये, कारण एकाएकी बंद केल्यानेही आकडी उसळते. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

प्रत्येक आकडीत मूल बेशुद्ध होऊन हातपाय झाडतेच असे नाही. एखाद्या मुलाचा अंगठा आणि ओठाची त्याच बाजूची कड ठरावीक तालात उडत राहते, मूल मात्र जागे असते, हाक मारल्यास ओ देते. हे तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालते आणि घरच्यांना ती सवय वाटते. अशा वेळी पांघरूण बाजूला करून चेहरा व हात दोन्ही दिसतील असा मिनिटभराचा व्हिडिओ काढावा व डॉक्टरांना लगेच दाखवावा. माझ्या मते तोंडी वर्णनापेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो. अचानक डोकेदुखी, उलट्या किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे, ही लक्षणे दिसल्यास रुग्णालय गाठावे.

मोठी आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत ती थांबली नाही, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत मिडाझोलाम हे आकडी थांबवणारे औषध नाकात किंवा गालाच्या आत द्यावे आणि रुग्णवाहिका बोलवावी.

ताप, उलट्या आणि उपाशी राहणे यांनी आकडी बळावते, म्हणून आजारपणात काय व किती अंतराने भरवायचे हे आधीच विचारून ठेवावे. किटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा) घरच्या घरी कधीही सुरू करू नये: पायरुव्हेट डिहायड्रोजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेत तो उपकारक असतो, तर पायरुव्हेट कार्बोक्झिलेज या दुसऱ्या विकराच्या कमतरतेत घातक.

तातडीच्या वेळी समोर येणारे डॉक्टर मुलाला ओळखत नसतात, हे गृहीत धरून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून एक पानी पत्र लिहून घ्यावे. त्यात निदान, वजन, चालू औषधे, पूर्वी कशाने आकडी थांबली, व्हॅल्प्रोएट टाळायचे का आणि सलाइनमधून ग्लुकोज द्यायचे की नाही, हे स्पष्ट असावे. वजन वाढले की मिडाझोलामची मात्राही बदलते. त्यामुळे दर तपासणीला नवे पत्र घ्यावे आणि जुनी प्रत फाडून टाकावी.