जुन्या विटांच्या भिंतीवर हिरवी भिंत लावताय? या चुका टाळा

पुण्यातल्या पेठेत एका वाड्याच्या दर्शनी भिंतीवर हिरवी भिंत, म्हणजे माती भरून झाडं लावलेली उभी पॅनल्स, लावली होती. दोन पावसाळ्यांनंतर ती उतरवली, तेव्हा मी तिथे होतो. मागची वीट अंगठ्याने जरा खरवडली तर लाल भुकटी हातात आली. पुढून झाडं टवटवीत होती, त्यामुळे आतून भिंत सडत असल्याची शंकासुद्धा कुणाला आली नव्हती.

पॅनल थेट भिंतीला ठोकलं, ही तिथली मोठी चूक. जुनी वीट आणि चुना पावसात ओल पितात आणि ऊन-वाऱ्यात ती बाहेर टाकतात. भिंतीचं तोंड झाकलं की हे वाळणं थांबतं. म्हणून लोखंडी सांगाडा स्वतःच्या पायावर जमिनीतून उभा करा. सांगाडा आणि भिंत यांच्यात निदान वीतभर मोकळी जागा हवी, म्हणजे वारा खेळेल आणि मागे हात घालून ओलही तपासता येईल. सगळा भार जमिनीवर जातो, हा आणखी एक फायदा. ओली माती आणि झाडं मिळून चौरस मीटरला 50 किलोच्या पुढे सहज जातात आणि मातीत रचलेल्या भिंतीला तो लोंबता भार पेलत नाही.

माद्रिदचं कायशाफोरम मला यासाठी फार आवडतं. विटांचं जुनं वीजकेंद्र 2008 मध्ये कलाकेंद्र म्हणून खुलं झालं. उभ्या बागांसाठी ओळखले जाणारे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लांक यांनी तिथे 24 मीटर उंच बाग उभी केली, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर. जुन्या विटा उघड्याच राहिल्या. आपल्या वाड्यांच्या चौकातही असं करता येईल.

दुसरी चूक पाण्याची. ठिबकची नळी एका सांध्यात गळत राहिली तरी महिनोन्‌महिने कळत नाही. त्या पाण्यात विरघळलेलं खत असतं. त्यातले क्षार विटेत मुरतात, वाळताना त्यांचे खडे होतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. पॅनलखाली पन्हळ हवीच. पांढरी पूड दिसली तर कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलीत तर क्षार परत आत जातील. वर वॉटरप्रूफ रंग किंवा सिमेंटचा गिलावा तर अजिबात नको, त्याने ओल आतच कोंडते. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्यानेच भरा.

झाडं निवडताना भिंतीला मुळांनी चिकटणारे वेल टाळा. मधुमालती किंवा जाई जमिनीत लावून तारेवर चढवली, तर पॅनलची गरजच पडत नाही. छोट्या वाड्याला मी हेच सुचवतो.

वाडा वारसा यादीत असेल तर परवानगी आधी घ्या.

आणि पिंपळ! पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि ओलसर फटीत रुजतं. हिरव्या पॅनलमागे ते लवकर दिसत नाही. रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. मोठं झालं असेल तर ओढू नका, मुळांबरोबर विटाही येतील. बुंधा कापून मूळ पूर्ण मरू द्या, मग सैल झालेल्या विटा काढून चुन्यात पुन्हा बसवा. मूळ जिवंत असताना फट बुजवली तर पुढच्या पावसाळ्यात शेजारच्याच दर्जेतून नवा कोंब येतो.